महाळुंग्याचे जिवाणू

महाळुंगे नावाची गावे एकट्या पुणे जिल्ह्यातच निदान तीन आहेत. एक चाकणच्या कारखान्यांच्या गराड्यात सापडलेले महाळुंगे इंगळे. दुसरे आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ. आणि तिसरे मुळशी तालुक्यातले, मुळा नदीच्या काठचे, बाणेर-बालेवाडीला खेटून असलेले. आज सांगायचे आहे ते या तिसऱ्याविषयी. नावाची फोड करायला भाषाशास्त्री लागत नाही. महाळुंग म्हणजे लिंबाच्या कुळातले ते थोराड, खडबडीत, जाड सालीचे फळ. संस्कृतात त्याला मातुलुंग म्हणत. त्या शब्दाची झीज होत होत आपले महाळुंग झाले. मंडईत ते आता औषधालाही मिळणे कठीण. पण कोल्हापूरच्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात ते अजून आहे. पिंपरी, चिंचवड, वडगाव या गावांनी जशी झाडांची नावे घेतली तसे या गावाने महाळुंगाचे घेतले. लोक बोलताना मात्र सरळ ‘म्हाळुंगे’ म्हणतात.

गावात मी महाळुंगाचे झाड पुष्कळ शोधले. ‘पूर्वी होतं म्हणत्यात,’ एवढेच उत्तर पाराजवळ बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी दिले आणि मग, मी बहुधा जागा बघायला आलो आहे असे समजून, त्यांनी मला गुंठ्याचा भाव सांगितला!

त्यांचे काही चुकले नाही. पुण्याकडून येणारा माणूस या गावात हल्ली दुसऱ्या कशासाठी येत असेल? १९९४ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यासाठी येथे शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. जग त्याला बालेवाडीचे स्टेडियम म्हणते; सरकारी कागदात मात्र ‘म्हाळुंगे-बालेवाडी’ असा जोडपत्ता आहे. संगणकाच्या कंपन्यांनी हिंजवडी गजबजली आणि मधल्या पट्ट्यातली शेते एकामागून एक उठली. ३० जून २०२१ रोजी जी २३ गावे पुणे महानगरपालिकेत आली, त्यांत हे एक. तालुका मुळशी आणि पालिका पुण्याची, अशी दोन घरची पाहुणचाराची अवस्था. वीस-वीस मजली इमारतींच्या गच्च्यांवरून पाहिले तर खाली नदी वळसा घेताना दिसते आणि तिच्या कडेला, कापडाला लावलेल्या ठिगळासारखे, अजून काही हिरवे तुकडे दिसतात.

ही नदी मुळशीची. वरच्या अंगाला ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी मावळ्यांना उभे केले, ते टाटांचे धरण याच नदीवर आहे. धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला वीज करायला जाते. उरलेली नदी पौडाखालून, लवळे-नांद्याच्या बाजूने वळत म्हाळुंग्याला येते. तिने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची जमीन काठाला आहे. काळी, भुसभुशीत, ओली असताना मुठीत धरली तर लाडवासारखी वळणारी. त्या जमिनीवर पूर्वी भाजीपाल्याचे मळे होते. नाही म्हणायला दोनचार अजून आहेत. त्यांतल्या एका अर्ध्या एकराच्या मळ्यात गेल्या भाद्रपदापासून माझे जाणे-येणे सुरू झाले.

मळा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरचा. मुलगा मराठी विषय घेऊन बी. ए. झाला, पुढे हिंजवडीला एका कचेरीत लागला. पण सकाळ-संध्याकाळ तो आईबरोबर शेतात असतो. वडील टेंपो चालवतात. शेती खरी त्याच्या आईचीच. त्यांना मी ताई म्हणतो. आजीही आहेत; कानाने थोड्या कमी, पण डोळ्यांनी शेजारच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर कोणाचे कपडे वाळत आहेत ते सांगणाऱ्या. जमीन दोन भावांची होती. वरच्या अंगाचा वाटा चुलत्यांनी काही वर्षांपूर्वी विकला, तेथे इमारत झाली. खालचा, नदीकडचा वाटा यांच्याकडे उरला आणि ताईंनी त्यात मिरची लावली. निम्म्यात साधी तिखट, निम्म्यात शेडनेटखाली ढोबळी.

मी गेलो त्या दिवशी शेताची स्थिती पाहवत नव्हती. दूरून झाडे हिरवी दिसत होती. जवळ गेल्यावर कळले की ती उभ्या उभ्या माना टाकून मेली आहेत. ताई म्हणाल्या, “सर, हे बगा. खालनं काळी पडतीया आन वरनं हिरवीच मरतीया. सकाळी पाणी घालाया आलं तवा चांगली असती, दुपारी बगावं तर झोपलेली.” त्यांनी एक झाड उपटून दाखवले. जमिनीलगत खोडाला काळपट तपकिरी कडे पडले होते, जणू कोणी दोरा करकचून बांधला आहे. मुळांची साल बोटांत येत होती.

शेतकऱ्यांच्या भाषेत याला ‘मर’ म्हणतात. शब्द किती नेमका आहे! प्रत्यय नाही, उपसर्ग नाही, नुसता धातू. मिरचीच्या रोगांची नावे ऐकण्यासारखी आहेत. पाने आखडून चुरगळतात तो चुरडा-मुरडा, त्यालाच कोठे बोकड्या म्हणतात. पानांवर पिठासारखा थर येतो ती भुरी. फांदी शेंड्याकडून खाली वाळत येते आणि फळावर वाटोळे डाग पडतात ती फांदीमर आणि फळकूज. वाफ्यात कोवळी रोपे बुडातून मोडून आडवी होतात ते रोपे कोलमडणे. यांतला बोकड्या विषाणूंचा, बाकीच्यांच्या मागे निरनिराळ्या बुरश्या. पण मर हे एकाच रोगाचे नाव नव्हे. पाठीमागून वार करणारे दोन-तीन निरनिराळे वैरी त्या एका नावाखाली लपतात.

माझ्या विद्यार्थ्याने ती खोडे एका वनस्पतिरोगतज्ज्ञांकडे नेली. सूक्ष्मदर्शकात त्यांनी त्याला चक्क लिंबे दाखवली. लिंबाच्या आकाराच्या, टोकाला बोंड असलेल्या, अतिसूक्ष्म पिशव्या. हा फायटोफ्थोरा. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ झाडांचा नाश करणारा. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजवून ज्याने लाखो माणसे उपासमारीने मारली, तो याचाच भाऊ. मिरचीवरच्या या भावाचे वर्णन लिओनियन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२२ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको प्रांतातल्या मिरच्यांवरून केले आणि त्याला मिरचीचेच नाव दिले, फायटोफ्थोरा कॅप्सिसी. महाळुंग, संत्रे, लिंबू यांच्या खोडातून डिंक वाहवणारा जो ‘डिंक्या’, तोही याच घराण्यातल्या दुसऱ्या भावंडांचा प्रताप.

याची एक गंमत सांगितली पाहिजे. आपण मिरची म्हणतो तो शब्द मिरीवरून आला, आणि मिरी आली मरिच या संस्कृत शब्दावरून. मिरी मलबारची, वेलीवर येणारी, शेकडो वर्षे आपल्या ओळखीची. मिरची अमेरिकेतली, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. दोघींचे कूळ वेगळे, खंड वेगळा. पण नवी बाई तिखटपणात जुनीच्या वरताण निघाली म्हणून लोकांनी तिला जुनीचे नाव दिले. कोलंबसाच्या माणसांनीही हाच घोटाळा केला. म्हणून इंग्रजीत आजही मिरी आणि मिरची या दोघींना एकच शब्द आहे. आता पाहा, केरळात आणि कर्नाटकात मिरीचे वेल ज्या रोगाने पंधरा दिवसांत वाळून जातात तो रोगही याच फायटोफ्थोराचा. माणसांनी नाव एक केले, वैऱ्याने तर दोन्ही घरे एकच मानली.

हा वैरी पाण्यातला आहे. त्या लिंबाएवढ्या, म्हणजे लिंबाच्या आकाराच्या, पिशव्या ओल्या मातीत फुटतात आणि त्यांतून पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या. मुळातून झिरपणाऱ्या रसाचा वास घेत ते मातीतल्या पाण्यातून पोहत मुळाशी जातात. म्हणजे रोगाला बी मातीतले, पण वाहन पाण्याचे. आणि त्या मळ्यात पाणी का तुंबले होते, हे कळायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. वरच्या अंगाला इमारत झाली तेव्हा भराव पडला, भिंत आली आणि शेतातून नदीकडे जाणारा जुना पाट बुजला. पावसाळ्यात इमारतीच्या आवारातले पाणी भिंतीच्या भोकांतून सरळ मिरचीत उतरत होते. आजी म्हणाल्या, “ह्या रानात माझ्या हयातीत पाणी थांबलं न्हवतं.” हे रोगाचे निदान मला तज्ज्ञांच्या निदानाइतकेच मोलाचे वाटले.

त्या आठवड्यात घरात काय बोलणे चालले असेल याची कल्पना येते. चुलते येऊन गेले होते. शेजारच्या इमारतीच्या मालकाचा माणूसही येऊन गेला होता. मिरची मेलीच आहे, बियाण्याचे आणि शेडनेटचे पैसे अंगावर आहेत, जमिनीला भाव आहे. मग हट्ट कशाचा? वडिलांचे मन डळमळले होते. ताई फारसे बोलत नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, “एक साल बगू. न्हाई जमलं तर मग तुमी म्हणाल तसं.”

त्या एका सालाची ही हकीकत आहे.

मुलाने प्रथम जी औषधे आणली ती नेहमीची, ताम्रयुक्त. ती झाडांच्या खोडाशी ओतली. पण मेलेले काही उठले नाही. मग तज्ज्ञांनी सांगितले की पुढच्या लागणीची तयारी आतापासून करा, आणि त्या तयारीत दोन पुड्या सुचवल्या, सुडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस. पांढुरक्या भुकटीची पाकिटे घेऊन मुलगा घरी आला आणि ओसरीवर बसून आईला समजावून सांगू लागला की ही रासायनिक पावडर नाही, हे जिवाणू आहेत, मातीत सोडायचे आहेत. आजींच्या कानावर नेमका तेवढा शब्द पडला.

“आरं, मिरचीत जिवाणू सोडतूस व्हय? पोरंबाळं हिंडत्यात तितं!”

मी त्या वेळी तेथे होतो म्हणून हा प्रसंग सांगता येतो. शहरी वाचकांसाठी खुलासा असा की आमच्याकडच्या खेड्यांत साप हा शब्द तोंडाने उच्चारीत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडे म्हणतात, नाही तर जिवाणू म्हणतात. विज्ञानाची पुस्तके लिहिणाऱ्यांनी ‘बॅक्टेरिया’ला तोच शब्द योजला. आजींना हे सारे समजावताना नातवाच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “म्हंजी राखणीचं जिवाणू. मग असू दे.” शेताला राखणदार नाग असतो, तो पिकाची नासधूस करणाऱ्या उंदरांना खातो आणि मालकाला काही करत नाही, ही समजूत त्यांच्या मनात पक्की होती. मला वाटते, दहा पानांच्या माहितीपत्रकाचा सारांश त्या एका वाक्यात आला.

हे राखणीचे जिवाणू कोठून बाहेरून आणलेले नसतात. चांगल्या मातीच्या एका ग्रॅमात दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू राहतात, त्यांतलेच निवडलेले हे. मुळाभोवतीच्या दोनचार मिलिमीटर मातीत त्यांची सर्वांत जास्त गर्दी, कारण मूळ सतत थोडी साखर, थोडी आम्ले बाहेर सोडत असते. अन्नछत्राभोवती वस्ती व्हायचीच. या वस्तीला हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले. आपण त्याला मूळपरिसर म्हणू. सगळी लढाई येथेच होते. जो आधी जागा धरून बसला, त्याचे मूळ.

सुडोमोनास फ्लुरोसन्सची युक्ती तर वाणसौदा करणाऱ्या गृहिणीसारखी आहे. मातीत लोह पुष्कळ असले तरी विरघळलेले, वापरता येण्याजोगे लोह फार थोडे असते. हा जिवाणू एक पिवळट हिरवे द्रव्य सोडतो. ते लोहाचा कण जेथे असेल तेथून पकडून आणते, आणि तो कण पुन्हा फक्त याच्याच घरात जातो. दुकान उघडताच सगळी साखर उचलून नेली तर मागून येणाऱ्याने चहा कशाचा करायचा? बुरशीची उपासमार होते. क्लोपर, श्रोथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८० साली दाखवून दिले. अतिनील प्रकाशात ते द्रव्य चमकते, म्हणूनच या जिवाणूच्या नावात ‘फ्लुरोसन्स’ आले. याखेरीज याच्या काही जाती साबणासारखे पदार्थ सोडतात. फायटोफ्थोराच्या पोहणाऱ्या बीजाणूंना अंगावर भिंत नसते, नुसते पातळ पापुद्र्याचे आवरण. त्या साबणाने ते फुटून जातात.

बॅसिलस सबटिलिस हा दुसरा राखणदार आपल्या अधिक परिचयाचा निघाला असता, जर आपण जपानी असतो. तेथे सोयाबीन आंबवून जे चिकट, तारा सुटणारे नाट्टो करतात ते याच्याच जातीचे काम. युरोपात तो वाळलेल्या गवताच्या काढ्यात सापडला. काढा उकळला तरी हा मरत नाही हे फर्डिनांड कोनने १८७६ साली दाखवले, कारण संकट आले की हा स्वतःभोवती कवच करून बीजाणू होऊन बसतो. बुरशीच्या पेशीचे आवरण भोके पाडून फोडणारी द्रव्ये त्याच्याजवळ आहेत. त्यांतल्या एकाचे नाव इटुरिन, कारण ज्या जिवाणूपासून ते मिळाले तो काँगोतल्या इटुरी भागातल्या मातीतला होता.

या दोघांचा तिसरा गुण मात्र सर्वांत विलक्षण. ते मुळाशी वस्तीला आले की झाड सगळेच्या सगळे सावध होते, आणि जेथे जिवाणू पोहोचलेला नाही अशा पानावरही रोग कमी पडतो. लहान मुलाला लस टोचावी तसा हा प्रकार. १९९१ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी तो दाखवून दिला.

ताईंना मी यातले काही सांगितले नाही. त्यांनी स्वतःच मला सांगितले. “विरजणासारकंच की हे,” त्या म्हणाल्या. आणि मग पाकिटावरची प्रत्येक सूचना त्यांनी विरजणाच्या हिशेबाने लावली. दूध कढत असले तर विरजण मरते, तसे पाकीट उन्हात ठेवायचे नाही. विरजण शिळे झाले की दही लागत नाही, तशी पाकिटावरची तारीख बघायची. सुडोमोनासला बॅसिलससारखे कवच करता येत नाही, त्यामुळे त्याची पूड फार दिवस टिकत नाही. ही शंखजिऱ्याची पूड करण्याची रीत कोइमतूरच्या कृषी विद्यापीठात बसवली गेली आणि हरभऱ्याच्या मर रोगावर तिचा उपयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. विरजणात मीठ टाकत नाहीत, तसे जिवाणूंबरोबर ताम्रयुक्त औषध मिसळायचे नाही. दुकानदार बिनदिक्कत दोन्ही एकाच पिशवीत घालून देतात, आणि गिऱ्हाईक ती एकाच बादलीत ओततो. मग जिवाणू कुचकामी ठरले अशी ओरड होते. भुकटी विकणाऱ्यांतही भोंदू कमी नाहीत. नुसती पांढरी पूड भरलेली पाकिटे डोळ्यांनी कशी ओळखायची?

आजींनी सांगितले की त्यांच्या सासूबाई वांग्या-मिरचीच्या वाफ्यात आंबट ताक ओतीत असत. ताकात जिवाणू असतात हे खरे. पण ते वेगळे, आणि आपल्या पूर्वजांना सारे विज्ञान ठाऊक होते असे म्हणून छाती फुगवण्याची मला हौस नाही. त्यांना ताक ठाऊक होते, वाफा ठाऊक होता आणि पाणी कोठे मुरते ते ठाऊक होते. एवढेही आज किती जणांना ठाऊक आहे?

आता थोडे नदीपलीकडे जाऊ. म्हाळुंग्यापासून फार लांब नाही, मुळा ओलांडून वाकडवरून पुढे गेले की पिंपरी. तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला आणि १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन हे एका बुरशीने जिवाणूंविरुद्ध घडवलेले शस्त्र, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. याच कारखान्याच्या संशोधन विभागात याच्या नेमके उलट काम झाले, ते मात्र पुणेकरांनाही फारसे ठाऊक नाही. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतले जिवाणू गोळा करून त्यांत बुरशी मारणारी द्रव्ये शोधत होते. एका जिवाणूतून त्यांना हॅमायसिन मिळाले; त्या जिवाणूचे नाव त्यांनी गावावरून ठेवले, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. १९६४ साली त्यांनी ऑरिओफंजिन हे दुसरे द्रव्य जाहीर केले आणि ते पिकांवरच्या बुरशीसाठी वापरात आले. तामिळनाडूत नारळाच्या तंजावर रोगावर ते माडाच्या मुळातून पाजतात. पिंपरीच्या झाडावरून गावाला नाव, गावावरून जिवाणूला नाव, अशी ही वंशावळ आहे.

स्ट्रेप्टोमायसिस दिसतात धाग्याधाग्यांचे, म्हणून जुन्या लोकांनी त्यांना बुरशीतच धरले; पण ते जिवाणूच. पहिल्या पावसाचा जो वास येतो, ज्याच्यावर आपल्या कवींनी शाई सांडली आहे, तो मुख्यतः यांच्याच एका द्रव्याचा. १९६५ साली त्याला जिओस्मिन असे नाव मिळाले. मृद्गंध शिकवताना मी हे वर्गात सांगतो. मुलांना कवितेपेक्षा ते जास्त लक्षात राहते, याचे वाईट वाटून घेत नाही.

पण मग पिंपरीचे औषध म्हाळुंग्याच्या मिरचीला का चालू नये? हा प्रश्न मी त्या तज्ज्ञांना विचारला. त्यांचे उत्तर ऐकण्यासारखे होते. ऑरिओफंजिनच्या जातीची औषधे खऱ्या बुरशीच्या पेशीच्या आवरणातले अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य पकडतात आणि तेथे भोक पाडतात. फायटोफ्थोरा वागतो बुरशीसारखा, दिसतो बुरशीसारखा, पण कुळाने तो बुरशी नव्हेच. पाण्यातल्या काही शेवाळांच्या नात्यातला. ते द्रव्य तो स्वतः बनवतच नाही. पकडायला जागाच नसली तर पकडणार काय? म्हणून नुसत्या औषधापेक्षा जिवंत राखणदार बरा. त्याच्याजवळ एक नव्हे, चारपाच हत्यारे असतात.

असो. तर त्या सालात काय काय झाले? मेलेली झाडे मुळासकट उपटून शेताबाहेर जाळली. या रोगाचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे पडून राहू शकतात, म्हणून त्या जागी टोमॅटो, वांगे, बटाटा यांपैकी काही लावायचे नाही असे ठरले. सगळी मिरचीची भावंडे. हिवाळ्यात मेथी आणि कांदा घेतला. वडिलांनी टेंपो चार दिवस बंद ठेवला आणि बापलेकांनी कुदळ घेऊन भिंतीच्या कडेने नवा पाट खणून पाणी नदीकडे वळवले. इमारतीच्या सोसायटीचे लोक वरून बघत होते. त्यांतले एक निवृत्त गृहस्थ दुसऱ्या दिवशी खाली उतरले आणि सोसायटीच्या खर्चाने भिंतीला पन्हळ बसवून दिले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण शहर आले की सारे वाईटच होते असे नाही.

उन्हाळ्यात बी टाकताना किलोला दहा ग्रॅम या हिशेबाने सुडोमोनास चोळली. मिरचीचे बी किलोने कोण टाकतो? ताईंनी चिमटीने मोजली. जूनमध्ये उंच गादीवाफे केले, एकरी किलोभर या प्रमाणात भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पंधरा दिवस गोणपाटाखाली सावलीत ओलसर ठेवून मग वाफ्यांत टाकली. रोपे लावताना मुळे त्याच्याच पाण्यात बुडवली. पुढे महिन्याच्या अंतराने बॅसिलसची आळवणी.

यंदाच्या श्रावणात मी गेलो तेव्हा पाऊस झोडपून गेला होता. शेडनेटखाली ढोबळी मिरची गुडघ्यापर्यंत आली होती, चकचकीत, पांढऱ्या फुलांनी भरलेली. मर अगदी नव्हती असे नाही. नदीकडच्या कोपऱ्यात, जेथे वाफा जरा बसला होता, तेथे काही झाडांनी माना टाकल्या होत्या. पण ती तेवढ्यावरच थांबली होती, गेल्या वर्षीसारखी ओळीने पुढे सरकली नव्हती. हे जिवाणूंमुळे झाले की पाटामुळे? मुलगा म्हणतो जिवाणू. वडील म्हणतात पाट. तज्ज्ञ म्हणाले की एका मळ्यावरून काही सिद्ध होत नाही, शेजारी भुकटी न घातलेले वाफे ठेवले असते तर सांगता आले असते; आणि कोरड्या पायांच्या झाडालाच राखणदार उपयोगी पडतो, चिखलात उभ्या असलेल्या झाडाला कोणीच वाचवत नाही. मला हे उत्तर पटले. ताईंना प्रश्नच पडला नव्हता. त्यांनी गणपतीच्या आधीच पहिला तोडा मंडईला धाडला आणि चुलत्यांच्या घरी एक पिशवी पाठवली.

जमीन राहील का, हे त्या मिरचीवर अवलंबून नाही, हे घरात सगळ्यांना कळते. नगररचनेची आखणी आहे, रस्त्यांच्या रेघा आहेत. माती तर आताच चालली आहे. पायाच्या खड्ड्यांतून निघालेली काळी गाळाची माती डंपर भरून जाते आणि कोठल्या तरी उंच गच्चीवरच्या बागेत पडते. माझ्या स्वतःच्या घराच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत. त्यांतली माती विकत घेतलेली आहे, आणि ती कोठल्या गावची हे विकणाऱ्याला विचारले तर त्याने ‘लाल का काळी?’ एवढेच विचारले. आपल्या गॅलरीतली मिरची अशीच एकाएकी माना टाकत असेल तर बहुतेक वेळा कुंडीच्या बुडाचे भोक बुजलेले असते. ते आधी मोकळे करावे. मग पेलाभर शेणखतात अर्धा चमचा ती भुकटी कालवून घालावी, आणि निदान आठवडाभर दुसरे काही औषध ओतू नये.

निघताना आजी ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “काय वो मास्तर, जिवाणू बगून आला का?” ताई आतून पिशवीत मिरच्या भरून घेऊन आल्या, आणि हातात देताना म्हणाल्या, “सर, पुढच्या टायमाला पिंपरीवरनं येनार आसाल तर दोन पाकिटं आना. रब्बीची रोपं टाकायचीत. आन तारीख बगून घ्या, मागच्या खेपंला पोरानं जुनंच आनलं हुतं.”